वनउद्यानाला दिलेला ताण

१२ डिसेंबर

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. मोठी माणसं दैनंदिनी लिहितात, आणि आज सकाळी अकरापासून मी मोठा माणूस झालो आहे. सौंसर नगर वनउद्यान समितीचा अध्यक्ष.

पालिकेत बागबगिच्यांचं काम बघणाऱ्या अनुराधाताई शाल-श्रीफळ घेऊन घरीच आल्या. "काका, चाळीस वर्षं संत्र्याची बाग केली तुम्ही. झाडातलं तुमच्याइतकं कोणाले समजते?" असं म्हणाल्या. मी गप्प बसलो, कारण खरं बोलणाऱ्याला मधे अडवू नये. आमचे चिरंजीव वैभव मागे उभे राहून मान डोलवत होते, जरा जास्तच. ते आणि अनुराधाताई शाळेत एका वर्गात होते. सुनेनं, अमितानं, शिरा केला. जयवंता आत जाऊन डोळे पुसून आली. कांदा चिरत असावी. शिऱ्याला कांदा कशाला लागतो, ते मी बायकोला विचारलं नाही.

एवढा आनंद या घरात मी बाग लावली तेव्हाही झाला नव्हता. बाग आता वैभव बघतो. गेल्या उन्हाळ्यात मला ॲसिडिटी झाली, अडीच महिने अंथरुणावर होतो, तेवढ्यात त्यानं कारभार हातात घेतला. मातीत एक काडी खुपसून ठेवली आहे. झाडाला तहान लागली की काडी याच्या मोबाइलवर कळवते. आमच्या वेळी झाड माणसाशी थेट बोलायचं, मधे दलाल नव्हता.

१३ डिसेंबर

वनउद्यानाची पाहणी केली. रामाकोन्याच्या रस्त्याला मुरमाची टेकडी, वीसेक एकर. वर साग, मोहा, बेहडा, धावडा, पळस, जे जिथे वाटलं तिथे उभं. खाली घोट्यापर्यंत पालापाचोळा. सुकलेल्या फांद्या तशाच लटकलेल्या. एका वाळक्या खोडात पोपटांनी घर केलं आहे आणि कोणाची हरकत नाही. संत्रेवाल्यानं असली बाग ठेवली असती तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. याला जंगल म्हणतात म्हणे, म्हणून माफ.

फाटकापासून मात्र पालिकेनं पायवाट केली आहे. दोन झोके, एक घसरगुंडी, लोखंडी व्यायामाची यंत्रं, आणि फोटो काढायला सिमेंटचं एक हृदय, ज्यात उभं राहून सौंसरची जोडपी हसतात. वाटेच्या कडेनं कांचन आणि बहाव्याची चाळीसेक झाडं. त्यांच्या मागे गेल्या पावसाळ्यात लोकांनी आपापल्या माणसांच्या नावानं लावलेली दोनशे बारा रोपं. कोणाचे वडील, कोणाची आजी. नावाच्या पाट्या अजून छापून यायच्या आहेत, तोवर प्रत्येक रोपाला पत्र्याचा नंबर बांधला आहे. मेल्यावरही माणसाला नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं.

रोपांना पाणी द्यायला मनकर्णाबाई आहे. सत्तरीची बाई, काटक. पूर्वी आमच्या बागेत तोडणीला यायची, आता तिची सून येते. पाइप घेऊन एकेका रोपाजवळ बसून पाणी घालत होती, लेकराला भरवावं तसं.

"बाई, किती पाणी घालता? लाडावून ठेवलीत."

"भाऊ, उलूशीक, बोटभर तं हायेत. मुरमात पानी थांबते कुठं?"

मी अध्यक्ष असल्याचं तिला सांगितलं. "मालूम हाय ना जी," म्हणाली आणि पुढच्या रोपाकडे सरकली. कर्मचाऱ्यांमध्ये शिस्त आणावी लागेल.

१५ डिसेंबर

आज कामाला हात घातला. दहा फेब्रुवारीला भोपाळहून साहेब येणार आहेत, वनउद्यानाचं लोकार्पण करायला. अनुराधाताईंची एकच इच्छा: "काका, त्या दिवशी वाट फुलांनी भरलेली दिसली पाहिजे."

या बाईंचं नशीब की त्यांनी योग्य माणूस निवडला. संत्र्याला बहर आणायचा तर आधी पाणी तोडायचं. महिना-सव्वा महिना थेंब नाही. झाड कोमेजतं, पानं पिवळी पडून गळू लागतात, झाडाला वाटतं की आपलं आता काही खरं नाही. तेव्हा पाणी सोडायचं. पंधरा-वीस दिवसांत बाग पांढरीफेक. याला ताण देणं म्हणतात. सौंसर-पांढुर्ण्याचं शेंबडं पोरही हे जाणतं, पण ताण किती बसला ते ओळखणारा डोळा शंभरात एकाचा. तो डोळा कोणाचा, हे मी लिहीत नाही.

हिशेब सरळ आहे. आज पाणी बंद, वीस जानेवारीला सुरू, दहा फेब्रुवारीला बहर. वाटेची झाडं आणि मागची रोपं एकाच नळावर आहेत, म्हणजे रोपांनाही ताण बसेल. चांगलंच आहे. तहान लागल्याशिवाय मूळ खोल जात नाही. पोरांचंही तेच.

नळाच्या चावीला कुलूप घातलं. मनकर्णाबाई बघत उभी होती.

"भाऊ, हे संत्रं नोहे."

"झाड म्हणजे झाड, बाई."

तिनं कुलपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाइप गुंडाळून ठेवला. शिस्त आली.

१९ डिसेंबर

फाटकावर इतिहासाचा फलक लावायचा आहे. मजकूर अध्यक्षांनी लिहावा असं ठरलं. समितीच्या बैठकीत इतिहास कोणता लावायचा यावर मतदान झालं. दोन जणांना गोंड राजा हवा होता, तिघांना भोसल्यांचे घोडे. घोडे जिंकले. म्हणजे आता नागपूरकरांचे घोडे या टेकडीवर चरायचे. चाळीस वर्षांपूर्वी इथे गवताची काडी नव्हती, मी स्वतः बघितलं आहे, पण घोडे काही तक्रार करायला येत नाहीत.

मनकर्णाबाईला सहज विचारलं. ती म्हणाली, शहाऐंशी साली राहतीच्या, म्हणजे दुष्काळी, कामावर त्या तीस बाया होत्या. खड्डे त्यांनी खणले, रोपं त्यांनी लावली, आणि दोन उन्हाळे खालच्या नाल्यातून डोक्यावर हंड्यानं पाणी आणून जगवली. बहुतेक बाया बौद्धवाड्यातल्या, काही बोरगावच्या. "तो मोहा माह्या हातचा हाय," असं म्हणून तिनं वर बोट दाखवलं. मी तिला म्हटलं, फलकावर जागा थोडी आहे. घोड्यांच्या चार ओळी झाल्या, बाकी त्या वेळच्या अधिकाऱ्यांची नावं.

२७ डिसेंबर

सकाळी फिरायला येणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली आहे. माझ्याआधी पंधरा-वीस माणसं यायची. आज फाटकावर बसून मोजली: त्रेपन्न. अध्यक्ष बदलला की फरक पडतोच.

आरोग्याबद्दलही जागृती दिसते. प्रत्येकाच्या हातात पाण्याची मोठी बाटली, काहींच्या दोन. सराफ्यातले केशवराव तर पाच लिटरचा डबा घेऊन येतात. हा माणूस घरापासून दुकानापर्यंत स्कूटरवर जातो! डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलं म्हणाले. लोक वाट सोडून रोपांमध्ये फिरतात, खाली बसतात, मग रिकाम्या बाटल्या घेऊन परततात. शुद्ध हवेनं तहान लागते, हे मी ऐकून होतो.

४ जानेवारी

पाणी बंद होऊन वीस दिवस झाले. वाटेची मोठी झाडं जराशी मलूल आहेत, अगदी हवी तशी. रोपं मात्र टवटवीत. चकित होऊन माती उकरून बघितली, तर आत ओल!

हे कशाचं फळ आहे, ते मला एका क्षणात कळलं. पहिल्याच आठवड्यात मी रोपांभोवती पाला अंथरून घेतला होता. त्या पाल्यानं ओल धरून ठेवली. समितीला पत्र लिहून कळवलं की वीस दिवस थेंबभर पाणी न देता दोनशे बारा रोपं जिवंत ठेवण्याची पद्धत या भागात प्रथमच यशस्वी झाली आहे. मनकर्णाबाईला वाचून दाखवलं. ती तोंडाला पदर लावून खोकत होती. थंडी आहे.

८ जानेवारी

जयवंताची काळजी वाटते. तीही हल्ली रोज सकाळी वनउद्यानात येते, माझ्याशी न बोलता सरळ आत जाते. दोन लिटरची बाटली नेते, रिकामी आणते. या वयात इतकी तहान बरी नव्हे. आज जबरदस्तीनं दवाखान्यात नेऊन साखर तपासली. एकदम व्यवस्थित.

"मग एवढं पाणी कशाला पितेस?"

"लागते जी तहान. तुमाले काय त्याचं?"

माहेर गोटमारीत दगड मारणाऱ्या सावरगावचं आहे, नेम कधी चुकत नाही. मी विषय सोडला.

११ जानेवारी

आज कोणाला न सांगता आपल्या बागेत गेलो. अमिता ओलिताची नळी दुरुस्त करत होती, मला बघून तिनं लगेच वैभवला फोन लावला. जणू बागेत नासधूस करायला रानातला रोही शिरला आहे! दहा मिनिटांत वैभव गाडीवर हजर.

"बाबा, तुमी कायले आले इतक्या उन्हात?"

जानेवारीतलं ऊन ते केवढं. विहिरीकडच्या बाजूला खुंट तसेच आहेत. साठ झाडं गेली त्या बाजूची, गेल्या साली. ताण अगदी बेताचा होता, पण ऐन पाणी सोडायच्या वेळी वीज गेली, मोटर बंद पडली, आणि हातचा बहर तर गेलाच, झाडंही गेली. हे मी सगळ्यांना सांगितलं आहे. वैभव त्या खुंटांकडे बघत नाही, मीही बघत नाही. "चहा घेता काय?" म्हणाला. घेतला. मग त्यानं मला गाडीवर बसवून वनउद्यानाच्या फाटकावर सोडलं. "तिकडं तुमची गरज हाय," असं म्हणाला. खरंच आहे.

२० जानेवारी

आज पाणी सोडायचा दिवस. सोडलं नाही.

रोपं अजून हिरवीगार. ताण बसल्याची एकही खूण नाही, पान पिवळं नाही, गळ नाही. असं अर्धवट पाणी सोडलं तर बहर येत नाही, नुसती पालवी फुटते, आणि साहेबांना पालवी दाखवायला आम्ही त्यांना भोपाळहून बोलावलेलं नाही. आणखी दहा-बारा दिवस थांबतो; वीस दिवसांचा बहर दहा दिवसांत आणणं अनुभवी हाताला जमतं. धीर धरणाऱ्याचंच हे काम.

दरम्यान दुसरं मोठं काम केलं. वनउद्यान प्लास्टिकमुक्त जाहीर केलं. साहेबांना असल्या गोष्टी आवडतात. बाटली, डबा, कॅन, काहीही आत न्यायचं नाही. फाटकावर चौकीदार भगवंतराव पोतं घेऊन बसले आहेत, सगळं जमा करतात. केशवराव डबा पोटाशी धरून वाद घालत होते: "रघुनाथराव, मी माह्या बापासाठी आणलं हो." बाप जाऊन चार वर्षं झाली. वयाचा परिणाम असेल. मी ठामपणे नाही म्हटलं.

जयवंताची बाटलीही जमा केली. नियम म्हणजे नियम, घरच्यांनाही. ती काही बोलली नाही. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, ती काही न बोलण्याची ही तिसरी वेळ असावी.

२८ जानेवारी

ताण बसला!

आज सकाळी रोपांनी माना टाकलेल्या दिसल्या. पानं पिवळी, काही गळालेली. बोट लावलं की कुरकुरतात. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. सहा आठवडे वाट बघितली त्याचं सार्थक झालं. आता ठरल्याप्रमाणे एक तारखेला पाणी. घरी येताना ज्याला त्याला थांबवून सांगितलं. फिरायला येणारे मात्र निम्म्यावर आले आहेत, आणि आले तरी माझ्याकडे बघत नाहीत. यश मिळालं की माणसं दुरावतात.

जयवंताला पुरणपोळी करायला सांगितली. चार खाल्ल्या. गेल्या उन्हाळ्यापासून इतकं जेवलो नव्हतो. जेवताना तिला सगळं सांगितलं, पानं कशी वळली, रंग कसा उतरला, आता साहेबांसमोर कशी फुलं उसळतील. ती वाढत होती आणि माझ्याकडे बघत होती. "अजून एक घ्या," म्हणाली.

१ फेब्रुवारी

पांढुर्ण्याला जाऊन आलो. नवा जिल्हा असल्यामुळे तिथे प्रत्येक साहेबाच्या दारात नवीकोरी बाकं आहेत, बसायला छान. तीन तास बसून कळलं की भोपाळच्या साहेबांची तारीख पुढे गेली. आता बावीस फेब्रुवारी.

म्हणजे आज संध्याकाळी सोडायचं पाणीही बारा दिवस पुढे ढकललं पाहिजे. बहर आधी येऊन गेला तर काय दाखवणार? रोपं टिकतील. माझा अंदाज आहे.

४ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी मनकर्णाबाई फाटकात वाट बघत होती. नेहमी भाऊ म्हणून सुरुवात करते, आज काहीच न म्हणता पुढे चालू लागली. रोपांपाशी नेलं आणि म्हणाली, "नखानं खरवडा."

संत्रेवाल्याला हे सांगावं लागत नाही. झाड वरून कितीही वाळलेलं दिसलं तरी साल नखानं जरा खरवडायची. आत हिरवं असेल तर जीव आहे. मी पहिलं खरवडलं. आत तपकिरी. दुसरं, तपकिरी. तिसरं हिरवं निघालं तेव्हा मी हुश्श केलं, पण चौथं, पाचवं, सहावं...

"याचं मूळ बोटाएवढं, भाऊ. खोल कुठून जाईन? जाईपर्यंत तं जीव राहिला पाहिजे."

"पण महिनाभर तर हिरवी होती! माझ्या पाल्यानं..."

"पाल्यानं नाही जी. लोकं बाटल्यानं पानी टाकून राहिले होते. आपआपल्या मानसाच्या झाडाले. ज्याचं कोणी नाही आलं, त्याले मी घरून आणून टाकत होती. तुमी बाटल्या बंद केल्या."

सगळं गाव. त्रेपन्न माणसं रोज सकाळी माझ्यासमोरून पाणी घेऊन गेली, आणि मी त्यांची आरोग्याची आवड मोजत बसलो होतो.

"मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुमाले?" ती पहिल्यांदाच हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "मागच्या साली वैभवनं सांगतलं होतं ना, का बाबा, पानी सोडा म्हणून. तं तुमी पंधरा दिवस त्याच्यासंगं बोलले नाही. मले सून सांगे ना सारं."

कुलूप उघडायला गेलो तर किल्ली लागेना. तिनं माझ्या हातातून किल्ली घेतली आणि उघडलं. मग भगवंतरावांना हाक मारून बाटल्यांचं पोतं मागवलं. दिवसभर दोघांनी पाणी घातलं. मी एका दगडावर बसून होतो.

५ फेब्रुवारी

काही लिहीत नाही.

७ फेब्रुवारी

लिहितो.

वीज गेली नव्हती. मोटर चालू होती. गेल्या साली चाळिसाव्या दिवशी वैभव म्हणाला, बाबा, बास झालं. एक्केचाळिसाव्या दिवशी पुन्हा म्हणाला. मी म्हटलं, तू मला शिकवू नको. त्यानं बटण दाबायला हात पुढे केला तेव्हा मी तो हात झटकला. अमिता समोर होती, मजूर बाया समोर होत्या. मग चूक त्याची नाही हे कळत असूनही मागे फिरता येईना, आणि मी बावन्न दिवस नेले. साठ झाडं मी मारली. माझ्या हातानं कलम केलेली, पंचवीस वर्षांची.

ॲसिडिटी नव्हती. तीन डॉक्टर झाले, कोणालाच काही सापडलं नाही. मला उठावंसंच वाटत नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडायचो आणि घास गिळवत नव्हता. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत असावं, कारण या घरात ॲसिडिटीचं औषध कधी आणलंच गेलं नाही.

आणि अध्यक्षपद! झाडातलं माझ्याइतकं कोणाला समजतं! वैभवनं अनुराधाताईंच्या मिनतवाऱ्या केल्या असणार. बापाला बागेपासून लांब ठेवायचं, आणि बापाला परत माणसांतही आणायचं, दोन्ही एका शालीत. पोरगा हुशार निघाला. माझ्यावर गेला नाही.

संध्याकाळी त्याच्या खोलीच्या दारात उभा राहून म्हटलं, "मोटर चालू होती."

तो मोबाइलवर काहीतरी बघत होता. वर बघितलं नाही. "हो, बाबा," म्हणाला.

मी ओट्यावर जाऊन बसलो; थोड्या वेळानं तोही बाहेर येऊन माझ्याशेजारी बसला. 

९ फेब्रुवारी

मनकर्णाबाई आणि मी मिळून सगळी रोपं खरवडली. तिनं नंबर सांगायचे, मी लिहायचे. पाणी मिळाल्यावर बरीच सावरली. सदतीस गेली. वाटेच्या बहाव्याला अर्थातच एक कळी नाही. आज चौकशी केली तेव्हा कळलं की तो वैशाखात फुलतो, आणि हे शाळेतल्या पोरांना पाठ आहे. टेकडीवर मात्र पळस पेटला आहे. त्याला कोणी पाणी दिलं नव्हतं, कोणी तोडलंही नव्हतं, आणि समितीनं त्याच्याबद्दल ठरावही केला नव्हता.

मी ठरवलं, सदतीस घरी स्वतः जायचं. पालिकेतून रोपांची वही मागवली. अध्यक्ष होऊन दोन महिने झाले, वही आज पहिल्यांदा उघडली. नंबर, लावणाऱ्याचं नाव, कोणाच्या नावानं, तारीख.

नंबर एकशे अठरा, मेलेल्यांतलं. लावणार: जयवंता. अक्षर तिचंच. कोणाच्या नावानं: रघुनाथराव. तारीख चौदा जुलै.

मी जिवंत माणूस आहे! चौदा जुलैला पण होतो, भिंतीकडे तोंड करून का होईना. वही मिटली. पुन्हा उघडली. तेच लिहिलेलं होतं.

१४ फेब्रुवारी

पाच दिवस घरं फिरतो आहे. प्रत्येक दारात तेच वाक्य: तुमच्या माणसाचं झाड वाळलं, पाणी मी बंद केलं होतं. वाक्य छोटं आहे, पण पहिल्या घरी ते बोलायला मला दोन चहा लागले.

केशवराव ऐकून म्हणाले, "बुढा तसाच गेला होता हो, पानी पानी करत." एका घरी हसले. एका घरी बाईनं खिडकीतूनच ऐकलं आणि खिडकी लावून घेतली. बरोबर केलं तिनं. बोरगावच्या प्रवीण गुरुजींनी आईच्या नावानं लावलं होतं. त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा लावला, सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, माही माय त्या तीस बायांत होती. त्या टेकडीवर तिनं डोक्यावर पानी वाह्यलं. तिच्या एका झाडाले तुमच्यानं पानी देववलं नाही काय?"

आवाज जरासुद्धा चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. घोड्यांचा फलक मी त्याच दुपारी उतरवून घेतला. समितीनं नियमबाह्य कृत्य म्हणून नोटीस काढली आहे. आता तीस नावं गोळा करतो आहे. मनकर्णाबाईला एकोणीस आठवतात.

साहेबांची तारीख पुन्हा पुढे गेली आहे. या वेळी मी आनंदानं पत्र वाचलं.

१५ फेब्रुवारी

छत्तीस घरं झाली. एक राहिलं होतं.

सकाळी आंघोळ करून, टोपी घालून, वही काखेत मारून घराबाहेर पडलो. चौकापर्यंत गेलो, वळलो, आणि परत येऊन आपल्याच दाराची कडी वाजवली.

जयवंता पदराला हात पुसत आली. "अजी, दार उघडंच हाय. कडी कायले वाजवून राहिले?"

"वनउद्यान समितीकडून आलो आहे," मी म्हटलं.  "एकशे अठरा नंबरचं झाड तुमचं. ते वाळलं. पाणी मी बंद केलं होतं."

बेचाळीस वर्षांत तिला मी तुम्ही म्हटलं नव्हतं. ती उंबऱ्याच्या आत, मी बाहेर.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "बाटल्या बंद केल्या, त्याच्या आठव्या दिवशी पाहून आली मी. मान टाकली होती त्यानं."

"आठव्या दिवशी? म्हणजे अठ्ठावीस तारखेला? त्या दिवशी तर मी..."

"हो. पुरनपोळी मांगतली तुमी त्या दिवशी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? तेव्हा पाणी सोडलं असतं तर वाचलं असतं ते."

तिनं दाराच्या चौकटीला हात लावला. "जुलैत लावलं तवा मले वाटे, का हा मानूस आता उठत नाही. देवाले म्हटलं, याले जगू दे. रोज पानी टाकलं. मंग तुमी उठले. टोपी घालून जाऊन राहिले, लोकाईवर खेकसून राहिले. त्या दिवशी चार पोळ्या खाल्ल्या, आन् हसून राहिले होते. मी तुमाले सांगतलं असतं तं तुमी पुन्हा पडले असते भिंतीकडे तोंड करून. म्हटलं, मानूस वाचला ना. झाड जाते तं जाऊ दे."

 वही काखेतून खाली पडली ती तिनं उचलली, धूळ झटकली आणि माझ्या हातात दिली.

"आता आत येता," ती म्हणाली, "का त्याच्यासाठी बी समितीची बैठक घ्याची हाय?"